नाझरची विनंती बदली

दर रविवारी सकाळी पोहे झाले की आमचे घरमालक हरायला बसायचे. खेळायला बसायचे असं लिहिलं असतं, पण मी त्या घरात अडीच वर्षं भाड्यानं राहिलो आणि त्यांना जिंकताना एकदाही बघितलं नाही. समोर काकू असायच्या. दोघांच्या हातात एकेक गेमचं यंत्र. बंगळूरला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं दोन्ही पाठवली होती. पाच मिनिटांत काकांचे सहाच्या सहा राक्षस आडवे व्हायचे, काकू उठून भाजी चिरायला जायच्या, आणि काका चष्मा काढून, पुसून, परत घालून म्हणायचे, "नोंद घेतली."

गेम समजायला साधा आहे. प्रत्येकाकडं सहा राक्षस. राक्षस म्हणजे शिंगंवाले नव्हेत, कुणी कासवासारखा, कुणी पाखरासारखा, कुणी चालतंबोलतं झुडूप. मैदानात एका वेळी दोन्हीकडून एकेकच उतरतो. पाण्याचा आगीला भारी, आगीचा झाडाला भारी, झाडाचा पाण्याला भारी, असं ते चक्र. आपला गडी मार खाणार असं दिसलं की त्याला आत बोलवायचं आणि दुसरा पाठवायचा. सगळी अक्कल ह्या आतबाहेर करण्यात आहे. काकांनी ते कधीच केलं नाही. का केलं नाही ते मला फार उशिरा कळलं, आणि त्यात अर्धा दोष माझा निघाला.

मी गंगापूर तालुक्यातला. आमच्या घरात कॉलेज केलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी., फिजिक्स, फर्स्ट क्लास. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. चिकलठाण्याच्या एका कंपनीत तपासणी विभागात लागलो आणि हर्सूलला त्यांची वरची खोली बघायला गेलो. काकांनी खोली दाखवायच्या आधी माझं पदवी प्रमाणपत्र मागितलं. उजेडात धरून शिक्का बघितला.

"दोन सत्यप्रती आणून दे."

"कशाला काका?"

"तुझी फाइल उघडायची ना." मग जरा थांबून म्हणाले, "इंग्रजी वाचता येतं का?"

"येतं की."

त्यांनी माझ्या हातात गेमचं यंत्र दिलं. "मग ह्या बटणांवर काय काय लिहिलंय ते मराठीत सांग. हिला विचारलं तर ही सांगत नाय, ही समोरचा पक्ष हाय."

मी एकेक बटण मराठीत सांगितलं. खोली मिळाली. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "ए बीएस्सी" म्हणायचे. मला ते आवडायचं.

काका एका सरकारी कचेरीत लिपिक होते. एकतीस वर्षं एकच टेबल, शिक्षकांच्या बदल्यांचं. निवृत्त झाले तरी टेबल सुटलं नव्हतं, फक्त माणसांच्या जागी राक्षस आले होते. सहाही जणांना त्यांनी निजामाच्या काळातल्या कचेरीतली पदं नावं म्हणून दिली होती. नाझर, पेशकार, चोपदार, अशी. प्रत्येकाचं सेवापुस्तक होतं, लाल नाडीनं बांधलेलं. कोण कधी रुजू झाला, कोणत्या रविवारी जखमी झाला, सगळी नोंद त्यात. जखमी झालेल्याला पुढचे दोन दिवस वैद्यकीय रजा, त्या काळात यंत्र चालूसुद्धा करायचं नाही. वर्षाच्या शेवटी प्रत्येकाचा गोपनीय अहवाल. पेशकार म्हणजे एक पंखवाला प्राणी, त्याचा अहवाल मी एकदा चोरून वाचला. "उंच उडतो. विजेस घाबरतो. वरिष्ठांशी वर्तणूक नम्र. पदोन्नतीस योग्य, तथापि घाई नको."

शहराचं नाव बदललं, सगळीकडं पाट्या बदलायला लागल्या, तेव्हा काकांनी एक अख्खी दुपार घालवली. सहाही पुस्तकांत 'मुख्यालय' या रकान्यातलं जुनं नाव लाल शाईनं खोडलं, वर नवं लिहिलं, आणि प्रत्येक खाडाखोडीवर लघुस्वाक्षरी केली.

"काका, राक्षसांना काय फरक पडतो?"

"आत्ता नाय पडत. निवृत्तीच्या टायमाला अडतं."

काकांचा सगळ्यात जीव नाझरवर. नाझर म्हणजे पाठीवर डोंगर घेतलेलं दगडी कासव. सगळ्यात जुना, म्हणून सेवाज्येष्ठतेनं मैदानात पहिला मान त्याचा. दर रविवारी न चुकता. आणि दगडाला पाण्याचं वावडं. काकूंना हे पाठ होतं, म्हणून त्या दर रविवारी पहिला पाण्याचाच गडी काढायच्या. दोन फवारे की नाझर आडवा. मग ज्येष्ठता यादीत दोन नंबरला असलेला पेशकार, त्याच्यासाठी काकूंकडं विजेचा तयार. पुढं सगळं यादीबरहुकूम.

"काका, यादी तरी उलटी करा एकदा," मी म्हणायचो.

"कनिष्ठाला ज्येष्ठाच्या आधी? उद्या कोर्टात गेला म्हणजे?"

काकू प्राथमिक शाळेच्या शिक्षिका, त्याही निवृत्त. कोण कुणाला भारी याचा तक्ता त्यांनी पाढ्यांसारखा पाठ केला होता. पोळ्या लाटताना म्हणायच्या, पाणी आगीला, आग झाडाला, वीज पाण्याला. त्यांच्या राक्षसांची नावं मला विचित्र वाटायची. पडेगाव, शरणापूर, दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, आणि त्यापुढचं एक खेडं. मी एकदा विचारलं, "काकू, ही असली नावं का?"

"थांबे हायेत."

"कसले थांबे?"

"एसटीचे," एवढं म्हणून त्या गवार मोडायला लागल्या.

मग गेमची नवी आवृत्ती आली. अशी आवृत्ती आली की नवे, तगडे राक्षस येतात आणि जुन्यांचं बळ कमी होतं. नाझरला कवचात शिरून मार वाचवायची एक विद्या होती, ती निम्मी झाली. मी ते वाचून दाखवलं तेव्हा काकांनी घरात कुणीतरी वारल्यासारखं तोंड केलं. "अधिकार काढून घेतले. नोटीस नाय, सुनावणी नाय." काकूंनी एका संध्याकाळी सहाच्या सहा राक्षस बदलले आणि नावं मात्र तीच ठेवली. मी बघत होतो तर म्हणाल्या, "गाड्या बदलतात बाबा, थांबे तेच राहतात."

पुढच्या रविवारचा डाव पोह्याच्या बशा विसळून होईपर्यंत संपला. काकूंनी यंत्र खाली ठेवलं.

"अहो, एक सांगू का? पुढच्या महिन्यापासून मी बसणार नाय."

"का म्हणून?"

"भिंतीवर चेंडू मारल्यावाणी व्हायलंय. भिंत तरी चेंडू परत देती. गल्लीतल्या बायका रविवारी हर्सूलच्या तळ्याकडं चालायला जायल्यात. मी तिकडं जाते. नायतर टीम नीट करा."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पण त्या दिवशी त्यांनी नोंद घेतली नाही.

दुपारी ते जिना चढून माझ्या खोलीत आले. गुडघे दुखतात म्हणून कधी वर येत नसत. माझी कंपनीची टोपी बाजूला सारून खाटेवर बसले.

"बीएस्सी, रविवार गेला तर अवघड हाय."

"दुसऱ्या दिवशी खेळा की काका. दोघं घरीच असता."

"तसं नाय रे. अठरा वर्षं आमच्याकडं रविवारच होता. बाकीचे दिवस ही साडेपाचला घर सोडायची, दिवस मावळल्यावर यायची. भाकरी टाकून झोपायची. बोलायला रविवार. आता घरीच असतो, पण दुसऱ्या वारी काय बोलायचं ते दोघांनाही येत नाय. गेमच्या निमित्तानं ती मला म्हणती तरी, 'मेलात का, चाल करा.'"

मी म्हटलं, टीम आपण नीट करू. मी तपासणी विभागातला माणूस आहे, बिघाड कुठं आहे ते शोधणं माझं रोजचं काम. काका लगेच म्हणाले, "समिती नेमू." अध्यक्ष ते, सदस्य सचिव मी. कार्यकक्षा, जुन्या टीमचं अद्ययावतीकरण. पहिली बैठक तिथंच माझ्या खाटेवर झाली आणि कार्यवृत्त मला लिहावं लागलं.

मी झाडाचा एक नवा गडी शोधून काढला. पाणी पिऊन वाढणारं, आडदांड झुडूप. काकूंच्या पाण्याच्या गड्याला बरोबर उतारा. काका म्हणाले, मुलाखत घेतल्याशिवाय नाही. मी यंत्र त्यांच्यासमोर धरून उभा राहिलो.

"मूळ गाव?"

झुडूप पडद्यावर डोलत होतं. मीच म्हटलं, "गेममधलंच आहे काका."

"अनुभव?"

"नवीन आहे."

"आधीच्या ठिकाणी काही तक्रार?"

"आत्ताच तर जन्मलंय."

"मग परिविक्षाधीन घ्यावं लागंल," असं म्हणून त्यांनी त्याचं नाव 'उमेदवार' ठेवलं.

पण जागा सहाच. एक जण कमी करायला हवा होता. दोन बैठका त्यात गेल्या. शेवटी चोपदार निघाला, आणि काका म्हणाले, माणूस असा रिकाम्या हातानं घालवता येत नाही. शनिवारी सकाळी दिवाणखान्यात सेवापूर्तीचा कार्यक्रम झाला. पाटावर यंत्र, यंत्राला शाल, पुढं नारळ. काकूंनी शिरा केला, कारण शिरा करायला त्यांची हरकत नव्हती. काकांनी उभं राहून भाषण केलं. "चोपदार यांनी आपल्या कारकिर्दीत कधी पाठ दाखवली नाही. त्यांना पाठ नव्हतीच, ते गोल होते, पण भावना महत्त्वाची." मला मनोगत व्यक्त करायला लावलं. मी म्हटलं, मला त्यांचा फार सहवास लाभला नाही.

काकू शिरा वाढता वाढता म्हणाल्या, "आता त्यालाच बोलवा की दोन शब्द बोलायला."

काका क्षणभर खरंच यंत्राकडं बघत थांबले.

दुपारी काकू गुलमंडीला कापड आणायला गेल्या. त्यांचं यंत्र घेऊन मी काकांशी सरावाचा डाव टाकला. काकांनी नाझर काढला. मी पडेगाव काढला, पाण्याचा. पहिला फवारा बसला.

"आता काका, नाझरला आत घ्या आणि उमेदवाराला पाठवा. ह्याच्यासाठीच घेतलाय आपण त्याला."

काकांचा अंगठा बटणावर गेला आणि तिथंच राहिला.

"नाय."

"का?"

"त्याचा कसूर काय?"

"कुणाचा?"

"नाझरचा. कामावर हजर हाय. गैरहजेरी नाय, तक्रार नाय. मधेच बदली कशी करू त्याची?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खोली बघायला गेलो त्या पहिल्याच दिवशी मी त्यांना बटणांचं मराठी सांगितलं होतं, आणि हे बटण म्हणजे 'बदली' असं सांगितलं होतं. आतबाहेर म्हटलं असतं, अदलाबदल म्हटलं असतं, तरी चाललं असतं. मी बदली म्हटलं. आणि सांगितलं कुणाला, तर ज्या माणसानं ह्या एका शब्दापायी टेबलासमोर उभं राहून रडणारी माणसं एकतीस वर्षं बघितली त्याला. ते बटण त्यांनी आजवर एकदाही दाबलं नव्हतं.

"काका, ती तसली बदली नाही. नुसतं जरा वेळ आत बसवायचं."

"तू पहिल्या दिवशी काय सांगितलंस?"

"चुकलं माझं."

"आता शुद्धिपत्रक काढतोस व्हय? दोन वर्षांनी?"

मी हरलो नाही. पदवीधर माणूस, वाद घालता येतो. म्हटलं, प्रतिनियुक्ती म्हणा. ते म्हणाले, ना-हरकत दाखला कुठाय. म्हटलं, प्रशासकीय कारणास्तव म्हणा. ते म्हणाले, "ते शिक्षेचं सभ्य नाव हाय. मीच लिहायचो." मग त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं.

"एकच रस्ता हाय. विनंती बदली. त्यानं स्वतः लेखी अर्ज केला तर."

"कुणी?"

"नाझरनं."

"काका, आमच्या घरात मी पहिला शिकलो. आईबापानं रोजगार करून शिकवलं. मी कासवाचा अर्ज लिहिणार नाही."

"मी लिहिते," दारातून आवाज आला. काकू कापडाची पिशवी घेऊन कधीच्या उभ्या होत्या. "द्या कागद. मला मजकूर पाठ हाय."

त्यांनी चप्पलही काढली नाही. खुर्चीवर बसून एका दमात पान भरलं, कुठं अडल्या नाहीत, कुठं खोडलं नाही. कागद काकांसमोर ठेवला. काका सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले.

"विषय, पती-पत्नी एकत्रीकरणांतर्गत विनंती बदली मिळणेबाबत." थांबले. "ह्याचं लग्न झालंय व्हय?"

"झालंय. म्हणून तर. वाचा पुढं."

"अर्जदार गेली अनेक वर्षे मुख्यालयापासून दूर कार्यरत असून रोज दोन बस बदलून ये-जा करते." परत थांबले. "नाझर पुल्लिंगी हाय."

"वाचा."

"दौलताबादच्या घाटात बस बंद पडल्यास शाळेत पोहोचण्यास विलंब होतो. मुलगी लहान असून..." काकांनी कागद जरा लांब धरला. "कासव एसटीनं जातंय व्हय?"

"जायचं," काकू म्हणाल्या. "उभं राहून जायचं."

पडेगाव, शरणापूर, दौलताबाद. सहा राक्षस मला एकदम रस्त्यानं ओळीत उभे दिसले. मी विचारायला नको होतं, पण विचारलं, "काकू, असे किती अर्ज केले होते?"

"अठरा. वर्षाला एक. ह्यांच्याच टेबलावर."

"मग?"

"'विचारात घेता येत नाही.' दर वर्षी. अक्षर लई देखणं हाय ह्यांचं."

काका कागदाकडंच बघत होते. "मी पुढं पाठवला असता तर लोक म्हणले असते, बायकोचं काम केलं."

"म्हणले असते."

"मग?"

"मग काय. लोक काय म्हणले असते ते तुम्हाला न म्हणता ऐकू आलं. मी अठरा वेळा लिहून दिलं ते नाय आलं."

लोक म्हणून त्या वेळी खोलीत मी एकटाच होतो. मी माझ्या चपला शोधायला लागलो. मागून काकांचा आवाज आला, बारीक, "निर्णय राखून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी रविवार. महिन्यातला शेवटचा. पोहे झाले. मला वाटलं नव्हतं, पण दोघं बसले. मी दाराशी उभा राहिलो, सदस्य सचिव म्हणून. काकांनी नाझर काढला. काकूंनी पडेगाव काढला. पहिला फवारा बसला, नाझरची शक्ती निम्म्यावर आली. पुढच्या फवाऱ्यात तो जाणार, हे भिंतीवरच्या पालीलाही ठाऊक होतं.

काकांनी यंत्र मांडीवर ठेवलं. सदऱ्याच्या खिशातून कालचा अर्ज काढला, गुडघ्यावर सरळ केला, पेन झटकलं आणि समासात लिहिलं. मी वाकून बघितलं. 'मंजूर.' खाली लघुस्वाक्षरी नाही, पूर्ण सही. आणि सहीच्या खाली, शासकीय कागदावर मी कधी बघितली नव्हती अशी एक ओळ. 'फार उशीर झाला.'

कागद त्यांनी काकूंच्या बाजूला सरकवला. काकूंनी वाचला की नाही ते कळलं नाही, त्यांची नजर पडद्यावर होती. काकांनी बटण दाबलं. नाझर आत गेला. उमेदवार बाहेर आला, दुसरा फवारा त्याच्या अंगावर पडला आणि झुडूप आणखी हिरवं होऊन उभं राहिलं.

काकूंची भुवई वर गेली. त्यांनी पडेगाव आत घेतला आणि वेरूळ काढला, आगीचा.

"तुम्ही पण बदली केली?" काका म्हणाले.

"मी तर रोजच करती. बघितलं कधी तुम्ही?"

काकांनी झुडूप आत घेतलं आणि पुन्हा नाझर पाठवला. दगडावर आग चालत नाही. वेरूळ माघारी फिरला. मग शरणापूर आला, त्याला पेशकार आडवा गेला. यादी नाही, ज्येष्ठता नाही. मधे चहा झाला, तो गार झाला, दुसरा झाला, तोही गार झाला. काका जागचे जरा पुढं सरकले होते, काकूंनी पदर खोचला होता. "मेलात का, चाल करा," असं काकू म्हणायच्या आणि काका म्हणायचे, "थांबा, आस्थापनेत लई हालचाल चाललीय." शेवटी दोन्हीकडं एकेकच उरला, इकडं नाझर, तिकडं खुलताबाद. खुलताबादनं एकच टोला दिला आणि नाझर पाठीवर पडला.

काका हरले. पण भाजी चिरायला कुणी उठलं नाही.

"हं," काकू म्हणाल्या. "आता खेळल्यासारखं वाटलं."

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मग पुढच्या रविवारी?"

"अर्ज करा."

"आँ?"

"लेखी द्या. विचारात घेता येतंय का बघते," आणि त्या आत गेल्या.

काकांनी खरोखर कोरा कागद घेतला. पाटावर ठेवला, पेन उघडलं, आणि बसून राहिले. बराच वेळ. मला वाटलं शब्द निवडत आहेत. मग ते माझ्याकडं वाकले आणि हळूच म्हणाले, "बीएस्सी, सुरुवात कशी करत्यात रे?"

"काका, तुम्हाला एकतीस वर्षांचा अनुभव."

"माझ्याकडं ते लिहून यायचे," काका म्हणाले. "मी कधी केलाच नाय."

आतून विळीचा आवाज थांबला.

"वर उजव्या कोपऱ्यात तारीख टाका आधी," काकू म्हणाल्या.